फोटोमागची गोष्ट जागेवरच टिपा: खानदेशात कॅमेरा घेऊन निघणाऱ्या नवख्यांसाठी

सारंगखेड्याच्या यात्रेत काढलेला घोड्याचा फोटो पाच वर्षांनी मोबाइलमध्ये पुन्हा समोर येतो. घोडा देखणा आहे, उजेडही छान पडलाय. पण लगाम धरून उभा असलेला माणूस कोण, कुठल्या गावचा, घोडा विकायला आणला होता की विकत घेऊन निघाला होता, यातलं काहीच आठवत नाही. असे मुके फोटो जवळजवळ प्रत्येक हौशी छायाचित्रकाराकडे हजारांनी असतात. गोष्ट घरी येऊन आठवायची म्हटली तर हाती लागत नाही. फोटो काढल्यावर पुढच्या दहा मिनिटांत, त्याच जागी, त्याच माणसाकडून ती घ्यावी लागते. हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे. कॅमेऱ्याचं तंत्र लागेल तेवढंच सांगितलं आहे.

निघण्याआधी

महागडा कॅमेरा लागत नाही. चार-पाच वर्षं जुना मोबाइल चालतो. कॅमेरा असेल तर त्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स पुरे, आणि पुढे कधी घेतलीच तर ५० मिमी एफ १.८ ही स्वस्त लेन्स घरातल्या अंधाऱ्या उजेडात फार उपयोगी पडते.

आदल्या रात्री एवढं करून ठेवा:

१. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि तारीख मोबाइलशी जुळवा. बॅटरी बरेच महिने काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांची तारीख मूळ जागी जाते आणि सगळे फोटो भलत्याच वर्षात जाऊन बसतात. ही चूक सर्वांत जास्त होते आणि नंतर सुधारायला सर्वांत किचकट असते.
२. मोबाइलची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात.
३. किमान १० जीबी जागा रिकामी करा.
४. खिशात मावेल अशी वही आणि दोन बॉलपेनं घ्या. शाईचं पेन घामाने पसरतं.

वहीचा एक उपयोग सहसा कोणी सांगत नाही. एका माणसाचे फोटो झाले की त्याचं नाव, गाव, काय चाललं होतं हे पानावर लिहा आणि लगेच त्या पानाचाच फोटो काढा. म्हणजे फोटोंच्या रांगेत माणूस आणि त्याची माहिती शेजारी-शेजारी राहते. वही हरवली तरी हरकत नाही. गावात शिरताना ग्रामपंचायतीच्या किंवा एसटी थांब्याच्या पाटीचाही एक फोटो घ्या. सातपुड्यात गावाचं नाव पुरत नाही, पाड्याचं नावही लिहा. एका गावाचे पाडे टेकडीच्या अलीकडे-पलीकडे असतात आणि नंतर शोधायला गेलात तर अख्खा दिवस जातो.

माणसाशी बोलणं

आधी फोटो की आधी बोलणं? यात्रेत, बाजारात, काम चालू असताना आधी एखादा फोटो घेतला आणि लगेच जवळ जाऊन दाखवला तर चालतं. घरात, अंगणात, देवळात, पाण्यावर किंवा बायामाणसांमध्ये आधी विचारायचंच. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर आंघोळ करणारी माणसं आणि तिथले अंत्यविधी, दोन्हींचे फोटो काढू नका. लहान मुलांचे फोटो आई-बापाला विचारूनच, आणि नेटवर टाकायचे असतील तर तेही त्यांना स्पष्ट सांगून. 'काढू का?' आणि 'सगळ्यांना दिसेल असा टाकू का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अहिराणी येत असेल तर बोला. 'फोटू काढू का, माय?' किंवा 'तुमनं नाव काय शे?' एवढ्यानेही समोरचा मोकळा होतो. पण खानदेशात सगळीकडे अहिराणीच बोलतात असं धरून चालू नका. रावेर-यावलकडे लेवा गणबोली ऐकू येईल, सातपुड्यात पावरी आणि भिलीच्या तऱ्हा. कोणी कोणत्या बोलीत सांगितलं तेही वहीत लिहा. एखादा शब्द खास वाटला तर जसा ऐकला तसाच उतरवा, त्याचं पुस्तकी मराठी करू नका.

प्रश्न हातातल्या वस्तूबद्दल विचारा. 'तुम्हाला कसं वाटतं?' याला माणूस 'बरं वाटतं' म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. 'हा विळा कुठला?', 'हे कोणी शिकवलं?', 'एका दिवसात किती होतं?', 'मागच्या वर्षी असंच होतं का?' यांना खरी उत्तरं येतात. विचारून झाल्यावर थोडं गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या शांततेनंतर बाहेर येते.

नाव लिहिताना वही त्यांच्याच हाती द्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून मोठ्याने वाचून दाखवा. नुसतं 'पाटील काका' लिहिलंत तर खानदेशात ते कोणालाच सापडणार नाहीत. पाटील, चौधरी, महाजन गावागावात आहेत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, एवढं तरी हवंच.

एक फोटो जवळून: आखाजीचा मांडा

सरावाला याहून चांगला विषय नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात आणि चुलीवर पालथं मातीचं खापर तापलेलं असतं. मांडा म्हणजे त्या खापरावर भाजलेली मोठी पुरणपोळी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत वाढवतात. पोळी कोपरापर्यंत पसरली की ती खापरावर अलगद सोडतात. शेवटचा हा क्षण सेकंदभराचा असतो. तोच चुकतो.

चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, चुलीचा जाळ पाहून मोबाइल सगळं चित्र काळं करतो. उपाय: पडद्यावर बाईच्या गालावर बोट दाबून ठेवा, उजेड आणि फोकस तिथे अडकेल, जाळ थोडा पांढरा झाला तरी चालेल. दुसरं, हात हलल्याने पोळी पुसट येते. कॅमेऱ्यात शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवा, खोली अंधारी असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १६०० ते ३२०० पर्यंत न्या. फोटोत थोडे दाणे दिसले तर काही बिघडत नाही, पुसट हात मात्र नंतर नीट करता येत नाहीत. मोबाइल असेल तर बर्स्टवर (एकापाठोपाठ भराभर फोटो) टाका आणि पोळी कोपराकडे जायला लागली की बटण दाबून ठेवा. तिसरं, धूर. वारा कुठून येतो ते पाहून वाऱ्याच्या बाजूला बसा, म्हणजे धूर तुमच्यापासून लांब जाईल. दाराचा उजेड चेहऱ्यावर तिरका पडेल अशी जागा शोधा. चौथं, रंग. दाराकडचा उजेड निळसर असतो आणि जाळाचा नारिंगी. ऑटोवर कॅमेरा प्रत्येक फोटोला वेगळा रंग देतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ५००० केल्विनच्या आसपास पक्का करा. जाळ नारिंगी दिसू द्या, तो तसाच असतो.

फ्लॅश नको. भिंतीवरची काजळी, पितळी भांड्यांची चकाकी, हातावरचं पीठ, सगळं एका सपाट पांढऱ्या झोतात मरतं.

एक फोटो मिळाला म्हणून उठू नका. एकूण पाच घ्या: सगळं स्वयंपाकघर दिसेल असा लांबून, पोळी पसरलेले दोन हात, चेहरा, नुसतं खापर, आणि ताटात आमरसाबरोबर घडी घातलेला मांडा. गोष्ट लिहायला बसल्यावर कळतं की चौथा आणि पाचवा फोटो नसता तर वाचकाला काहीच समजलं नसतं. चेहऱ्यासाठी मोबाइलची रुंद, म्हणजे ०.५ पटीची लेन्स वापरू नका. कडेला आलेला चेहरा ओढल्यासारखा होतो. साधी लेन्स ठेवा आणि दोन पावलं मागे या.

आता विचारायचं काय? खापर कुठल्या कुंभाराकडचं, किती वर्षं टिकलं, नवं असताना वापरण्याआधी काय करतात, मांडा पसरायला कोणाकडून शिकलात, पहिल्यांदा किती फाटले. गहू कोणता आणि पीठ कशाने चाळलं हेही विचारा, कारण पोळी कोपरापर्यंत ताणली जाते ती त्या पिठाच्या जोरावर. मधेच हात थांबवायला किंवा 'पुन्हा करा' म्हणायला लावू नका. पुढचा मांडा दोन-चार मिनिटांत येणारच आहे.

यात्रा, होळी, बाजार

सारंगखेड्याची यात्रा दत्त जयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि घोडेबाजारामुळे लांबलांबचे लोक येतात. सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर उजेड तिरका असतो, उडालेली धूळही तेव्हाच सोन्यासारखी दिसते. पळत्या घोड्यासाठी शटर १/१००० किंवा जास्त. वेग दाखवायचा असेल तर उलट करा: १/३० ते १/६० ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत क्लिक करा. दहांत एखादाच फोटो जमेल, तेवढा पुरे. घोड्याच्या मागे उभे राहू नका, फ्लॅश मारू नका. या धुळीत लेन्स बदलायची नाही. काचेवर धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवा. कोरड्या रुमालाने घासली तर वाळूचे कण ओरखडे पाडतात.

बाजारातला सर्वांत बोलका फोटो घोड्याचा नसतो. अंगावरचे केसांचे भोवरे तपासणारा गिऱ्हाइकाचा हात पहा. मानेवर तो देवमण हा शुभ मानलेला भोवरा शोधतो. त्या हाताचा फोटो घ्या आणि मग घोडेवाल्यालाच समजावून सांगायला लावा: कोणता भोवरा शुभ, कोणता खोटा, त्याने किंमत किती हलते. जात विचारा, मारवाडी की काठियावाडी. रंगाला त्यांचेच शब्द वापरा. पांढऱ्याला नुकरा म्हणतात, चार पाय आणि तोंडावर पांढरं असलं की पंचकल्याण. 'सुंदर पांढरा घोडा' असं लिहिलं की वाचक पुढे जातो, 'नुकरा' लिहिलं की थांबतो.

काठी गावची होळी (तालुका अक्कलकुवा) वेगळी तयारी मागते. ढोल रात्रभर वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्यामुळे बॅटरी रात्रीच संपवू नका. जास्तीची बॅटरी किंवा पॉवर बँक ठेवा. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधलेली माणसं दिसली की नवखे लोक 'वेशभूषा' लिहून मोकळे होतात. त्यांतले बरेच जण व्रत पाळत असतात. त्यांना ओढून उभं करणं, टोपाला हात लावणं, गळ्यात हात टाकून सेल्फी घेणं हा सरळ अपमान आहे. शेजारच्या जाणत्या माणसाला विचारा: याचं व्रत कोणतं, किती दिवसांचं, काय पाळावं लागतं. नाचाचे फोटो जाळाच्या उजेडातच काढा, १/१२५ आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. पेटलेली होळी माणसांच्या पाठीशी ठेवली तर माणसं काळ्या आकृती होतात, तेही सुंदर दिसतं. चेहरे हवे असतील तर जाळ तुमच्या बाजूला यायला हवा.

केळीच्या बागेत

रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या बागांत शिरलात की चेहरे हिरवट येतात. पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो. माणसाला बागेच्या कडेला, पाटाच्या किंवा गाडीवाटेच्या उघड्यावर बोलवा. तिथेच काम चालू असेल तर फोटो रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येणारी कच्ची फाइल) घ्या आणि नंतर संगणकावर टिंटची (रंगछटेची) पट्टी किरमिजीकडे सरकवा.

बागेतल्या फोटोखाली 'केळीची बाग' एवढंच लिहू नका. मृगबाग आहे की कांदेबाग? जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग यांचं वर्षभराचं गणित वेगळं असतं. पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर वाढवलेली बाग) असेल तर तेही विचारा. केळी निसवल्याला (घड बाहेर पडल्याला) किती दिवस झाले, घडाला किती फण्या, कापणी कधी. आणि घड कापणाऱ्याच्या शर्टावरचे काळपट डाग मळाचे समजून फोटोतून पुसून टाकू नका. तो केळीचा चीक आहे, धुऊन जात नाही. त्या शर्टाचा जवळून घेतलेला एक फोटो त्याचे सगळे हंगाम सांगतो. तुम्हीही बागेत जुनेच कपडे घालून जा.

निसर्ग आणि ऊन

हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे पक्षी येतात, शेकाटे आणि नदीसुरय दिसतात. मोबाइलने पक्षी जवळ आणायचा हट्ट सोडा, डिजिटल झूमने नुसते रंगीत चौकोन मिळतात. पाणी, कोळ्याची होडी, कडेचं शेत आणि त्यात पक्ष्यांचा थवा असा रुंद फोटो घ्या. कॅमेऱ्याला ३०० मिमीची लेन्स असेल तर उडत्या पक्ष्याला १/१६०० शटर. पांढऱ्या बगळ्यासाठी उजेड एक पायरी कमी करा, नाहीतर पिसं पांढरी फटक होतात. घरट्याजवळ जाऊ नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि घरट्याचा फोटो टाकताना त्यातली जागेची (जीपीएस) माहिती काढून टाका. धरणाच्या भिंतीवर आणि यावल किंवा गौताळ्यासारख्या अभयारण्यात फलकावर काय लिहिलंय ते आधी वाचा. ड्रोन विचारल्याशिवाय उडवूच नका.

नोंद इथेही हवी: वेळ, वारा, पाणी किती उतरलंय, किनाऱ्यावर कोणतं पीक आहे. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागेवरून एक फोटो घेत राहिलात तर पाच वर्षांत त्या पाण्याची स्वतःची गोष्ट तयार होते.

तोरणमाळला पावसाळ्यात एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, परत येतं. कॅमेरा पिशवीतच ठेवा, १५-२० मिनिटांत बाहेरच्या हवेशी जुळतो.

उन्हाळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मोबाइल तापला की पडदा आपोआप मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो. मागचं कव्हर काढा, उन्हात चार्जिंगला लावू नका, मोटारसायकलच्या टाकीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका, पांढऱ्या सुती पिशवीत सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये तर कधीच नको, आत पाणी धरतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य खानदेशात जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. त्या वेळी माणसाला निंबाखाली किंवा ओसरीवर बोलवा, किंवा कॅमेरा ठेवून गप्पा मारा. दुपारची ओसरी नोंदींसाठी उत्तम.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवा. फोल्डरला वर्ष, महिना, दिवस आणि गाव या क्रमाने नाव द्या: '२०२५-०४-३० अमळनेर आखाजी'. क्रम असा ठेवला की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतात. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर: संगणक, बाहेरची हार्ड डिस्क, आणि क्लाउड किंवा नातेवाइकाच्या घरची दुसरी डिस्क. कार्ड दुसरी प्रत झाल्याशिवाय पुसू नका.

फोटोची माहिती फोटोच्या आतच लिहून ठेवता येते. फोटो सांभाळण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'कॅप्शन' किंवा 'डिस्क्रिप्शन' असा रकाना असतो. वहीतलं तिथे टाका. लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो आणि आतली माहिती गळून पडते. मूळ फाइल पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

गोष्ट लिहिताना

८० ते १५० शब्द पुरतात. फोटोत दिसतंय तेच पुन्हा लिहू नका; न दिसणारं लिहा. पहिल्या वाक्यात कोण, कुठे, कधी. मग हातातल्या वस्तूचा एक बारकावा, मग त्या माणसाचं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत.

'आखाजीचे मांडे, खानदेशी परंपरा' हे शीर्षक कोणत्याही फोटोला चिकटतं. त्याऐवजी असं: '(बाईंचं पूर्ण नाव आणि गाव), अमळनेर तालुका, ३० एप्रिल २०२५, आखाजी. पोळी खापरावर सोडण्याआधीचा क्षण. खापर सासूबाईंच्या वेळचं, अजून तडा नाही.' तिसरं वाक्य विचारल्याशिवाय कधीच मिळालं नसतं. 'निरागस हास्य', 'मातीशी नाळ', 'कष्टकरी हात' असले शब्द आले की खोडा. त्यांच्या जागी माणसाचं नाव आणि कामाचा शब्द लिहा.

दंतकथा आणि नोंद वेगळी ठेवा. चांगदेवांचंच पहा. पाटणादेवीच्या शिलालेखात (तालुका चाळीसगाव, शके ११२८) येणारे चांगदेव म्हणजे गणिती भास्कराचार्यांचे नातू, ज्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेवाचं देऊळ (तालुका मुक्ताईनगर) ज्यांच्या नावाचं आहे ते ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंच्या काळचे योगी चांगदेव. एकाच जिल्ह्यातली दोन नावं, माणसं वेगळी. दोघांची सरमिसळ केलेले मजकूर फोटोंखाली दिसतात, आणि एकदा फिरले की पुसता येत नाहीत. दगडावर लिहिलेलं 'शिलालेखात असं आहे' म्हणून द्या, पुजाऱ्याने सांगितलेलं 'इथले लोक सांगतात' म्हणून द्या. दोन्ही मोलाचं आहे.

प्रिंट परत नेणं

हे शेवटी लिहिलंय, पण टाळायचं नाही. ज्यांचे फोटो काढले त्यांना ४ बाय ६ इंचाची छापील प्रत द्या. चेहऱ्याचा फोटो असेल तर ८ बाय १२. मोबाइलवर पाठवतो म्हणून सांगितलेले फोटो बहुधा जातच नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांना कागदच हवा असतो. मागे नाव, गाव, तारीख लिहिताना बॉलपेन दाबू नका, पुढे ओळी उमटतात. ६बीची मऊ पेन्सिल कडेला हलक्या हाताने चालवा. चकचकीत कागदावर ती उमटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात घाला.

वही आणि पेन या फेरीलाही सोबत असू द्या. प्रिंट हातोहात फिरते, शेजारीण येते, कोणी तरी म्हणतं, 'हाऊ तर मना काका शे,' आणि मागे उभा असलेला, तुम्ही कधी लक्षच न दिलेला माणूस पहिल्यांदा नावानिशी फोटोत येतो. तेही लगेच लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो काढा.